आयसीयूतून घरी आलेल्या बाबांना ते चौदा दिवस सांगावेत का?

मृण्मयी_मुलुंड

माझे वडील ६६ वर्षांचे आहेत आणि बेस्टमधून वाहक म्हणून निवृत्त झाले आहेत. ऑगस्टमधल्या एका पावसाळी संध्याकाळी ते हिंदमाताजवळच्या गुडघाभर पाण्यातून चालत गेले. आठ-दहा दिवसांनी त्यांना ताप भरला, डोळे लाल झाले, पोटऱ्या दुखू लागल्या, आणि लेप्टोचे (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाचे) निदान होईपर्यंत मूत्रपिंडे आणि फुप्फुसे दोन्ही अडचणीत आली होती. ते १४ दिवस आयसीयूमध्ये होते, त्यांतले ९ दिवस व्हेंटिलेटरवर. आता घरी येऊन सात आठवडे झाले. मूत्रपिंडांची स्थिती दाखवणारे क्रिएटिनिन खाली आले आहे, फिजिओथेरपिस्ट समाधानी आहेत, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण 'पुनर्जन्मच झाला' असे म्हणून पेढे ठेवून जातो.

परंतु बाबा झोपत नाहीत. रात्री दिवा मालवू देत नाहीत आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून राहतात. फ्रीजचे दार उघडे राहिले की जो बीप-बीप आवाज येतो, तो ऐकून ते ताडकन उभे राहतात आणि त्यांचे हात थरथरू लागतात. मागच्या आठवड्यात आम्ही दोघेच घरी असताना ते मला म्हणाले, "मला वडाळा डेपोत बंद गाडीत बांधून ठेवलं होतं. डबल बेल वाजायची, पण गाडी हलायची नाही. आणि तुझ्या आईनं सही करून दिली होती." ही शेवटची गोष्ट त्यांना पूर्णपणे खरी वाटते. आईच्या हातचा चहा ते घेत नाहीत, माझ्याकडे मागतात.

दादा आणि आत्या म्हणतात की त्या दिवसांचा विषयच काढू नका, हळूहळू विसरतील. मला वाटते की खरोखर काय घडले ते त्यांना सांगायला हवे. आई काहीच बोलत नाही. या अनुभवातून गेलेल्यांनी कृपया लिहावे.

केतकी_जी

सासूबाईंना न्यूमोनियातून बरे करून आणल्यावर त्या आठ महिने स्नानगृहाचे दार लावून घ्यायला घाबरत होत्या. त्यांनी आम्हाला कारण सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. हे फक्त आमच्याच घरात घडले असे इतकी वर्षे समजत होते.

विनायक_गिरगाव

मृण्मयीताई, मी तुमच्या दादांच्या बाजूने आहे, आणि त्यामागे अनुभव आहे. माझ्या पत्नीच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर जंतुसंसर्ग झाला आणि ती सहा दिवस आयसीयूत होती. घरी आल्यावर तिने त्याविषयी एक शब्दही काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. तिला भाजी आणायला नेले, गच्चीतल्या कुंड्यांत रमवले, संध्याकाळी चौपाटीपर्यंत चालवले, आणि चार-पाच महिन्यांत ती पूर्वीसारखी झाली. जखमेवर खपली धरली असेल तर ती काढून आत काय आहे हे पाहण्याची गरज नसते. तुमच्या वडिलांना तुम्ही 'तुम्ही मरणाच्या दारात होतात' असे सविस्तर सांगाल, तर त्यांची भीती कमी होईल की वाढेल, याचा विचार करावा.

अवधूत_परळ

विनायककाका, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून वेगळे सांगतो, कारण मी त्या खाटेवर होतो. २०२१च्या एप्रिलमध्ये करोनाने मी १९ दिवस आयसीयूत होतो. तेव्हा मी ४१ वर्षांचा होतो आणि त्याआधी मला कोणताही मानसिक त्रास नव्हता.

मला आठवते ते असे. मी ससून डॉकच्या मासळी बाजारात लादीवर पडलो आहे, माझ्याभोवती बर्फ आहे, पांढरे कपडे घातलेली, चेहरा नसलेली माणसे मला एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर उलटवत आहेत, आणि लिलाव चालू आहे. मी ओरडतो आहे, पण तोंडातून आवाज निघत नाही. हे स्वप्नासारखे आठवत नाही. स्वप्न जाग आल्यावर विरून जाते. हे काल दादर स्टेशनवर उभा होतो तसे आठवते. उलट, पत्नीने व्हिडिओ कॉल केला होता, डॉक्टर रोज नावाने हाक मारत होते, यांतले काहीच मला आठवत नाही.

घरी आल्यावर पाच महिने मी हे कोणालाही सांगितले नाही, कारण मला वेड लागले आहे असे समजतील ही भीती होती. मासळीचा वास आला की मला घाम फुटायचा आणि घरचे म्हणायचे की करोनानंतर चव बदलली आहे. पुढे तपासणीला गेलो असताना तिथल्या एका ब्रदरने सहज सांगितले की तुमचा ताप १०४च्या खाली येत नव्हता म्हणून काखेत आणि मांडीशी बर्फाच्या पिशव्या ठेवत होतो, आणि ऑक्सिजन वाढावा म्हणून पाच-सहा जण मिळून तुम्हाला पालथे करत होतो. मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. बर्फ खरा होता, पांढरी माणसे खरी होती, उलटवणे खरे होते. चुकीचा होता तो फक्त अर्थ. त्या दिवसानंतर सगळी भीती गेली असे नाही, पण ती प्रथमच माझ्या हातात आली.

तेव्हा, सांगा. मला पाच महिने आधी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते.

भूलतज्ज्ञ

मी बावीस वर्षे अतिदक्षता विभागात काम करतो आहे. अवधूत यांनी जे लिहिले ते इतक्या नेमकेपणाने आम्हा डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

आपल्याकडे जुन्या माणसांना हा प्रकार ठाऊक होता. तापात माणूस असंबद्ध बोलू लागला की 'वात झाला' असे म्हणत. त्यालाच आम्ही डेलिरियम म्हणतो. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत तो इतका सर्रास आढळतो की काही पाहण्यांत शंभरातल्या ऐंशीपर्यंत रुग्णांना तो झालेला दिसला. जंतुसंसर्ग, ऑक्सिजनची कमतरता, मूत्रपिंडे बंद पडल्यावर रक्तात साठणारी द्रव्ये, अखंड उजेड, तुटलेली झोप आणि आम्हीच देत असलेली गुंगीची औषधे ही त्याची कारणे असतात, आणि ती बहुधा एकत्रच येतात. त्यांतही मिडाझोलामच्या गटातील औषधांनी हा धोका वाढतो. मी शिकत होतो तेव्हा रुग्णाला गाढ झोपवून ठेवणे म्हणजेच दया, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. आता शक्य तेवढी कमी गुंगी द्यावी, रोज जागे करून पाहावे, लवकर उठवून बसवावे, त्यांचा चष्मा आणि कानाचे यंत्र त्यांना परत द्यावे, असे शिकवले जाते.

गुंगीतला मेंदू बंद नसतो. तो मिळेल त्या तुकड्यांतून गोष्ट जुळवत असतो. श्वासनलिकेतला कफ ओढून काढताना क्षणभर गुदमरते, त्यातून 'गळा दाबला' अशी आठवण होते. स्कॅनच्या यंत्रात सरकवले की 'भुयारात ढकलले'. मृण्मयी, तुमच्या वडिलांनी तीसेक वर्षे डबल बेल दिली असेल. मॉनिटरचा तो दुहेरी आवाज त्यांच्या मेंदूने दुसऱ्या कशाशी जोडावा?

आजार संपल्यावरही जे उरते, त्याला २०१०मध्ये एका वैद्यकीय परिषदेत 'पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम' असे नाव मिळाले. शरीराचा अशक्तपणा, विचार व स्मरण मंदावणे आणि मनाचा त्रास, अशी तिन्ही अंगे त्यात येतात. आयसीयूतून वाचलेल्या माणसांपैकी सुमारे तिघांत एकाला चिंता किंवा नैराश्य आणि पहिल्या वर्षात सुमारे पाचांत एकाला आघातोत्तर तणावाची, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहून गेलेल्या भीतीची, लक्षणे दिसतात. २०१३मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल येथून ८२१ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील ७४ टक्के रुग्णांना रुग्णालयात डेलिरियम झाला होता, आणि वर्षभरानंतरही सुमारे एक-तृतीयांश रुग्णांचे आकलन डोक्याला मध्यम इजा झालेल्या माणसाइतके खालावलेले होते. त्यांत तरुणही होते. जितके दिवस डेलिरियम अधिक, तितके नुकसान अधिक.

एवढे सगळे ठाऊक असूनही आमच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, पथ्य आणि तपासणीची तारीख असते; 'रात्री भीती वाटू शकते' ही एक ओळ नसते. ही आमच्या व्यवसायाची चूक आहे असे मी मानतो.

मृण्मयी_मुलुंड

अवधूत, डॉक्टर, आपले लिखाण मी दोनदा वाचले. बाबांचा 'वात' अजून संपलेला नाही, असे समजायचे का? आणि सांगताना चुकले, तर हानी होईल का?

भूलतज्ज्ञ

वार, तारीख, घर, माणसे यांचे भान ठीक असेल आणि त्यांचा गोंधळ फक्त त्या चौदा दिवसांपुरता असेल, तर तो चालू असलेला डेलिरियम नव्हे. ती त्याची मागे राहिलेली आठवण आहे. मात्र त्यांना आताही दिवसाच्या काही वेळी समोरचे समजेनासे होत असेल, किंवा पुन्हा ताप आला, लघवी कमी झाली, तर मनाचा विषय बाजूला ठेवून आधी फिजिशियनला दाखवावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या विषयात रोज काम करणाऱ्यांनी द्यावे.

समुपदेशिका_दादर

मी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आहे. विनायककाकांच्या म्हणण्यात एक महत्त्वाचा भाग खरा आहे आणि तो हातून निसटू नये: जबरदस्तीने, एका बैठकीत, रुग्णाची इच्छा नसताना सर्व सांगितल्याने त्रास वाढू शकतो. परंतु मृण्मयीचे वडील गप्प नाहीत. त्यांनी स्वतःहून, विश्वासाच्या माणसाजवळ तोंड उघडले आहे. ते दार त्यांनी उघडले आहे, तुम्ही नव्हे.

सांगण्याआधी ऐका. 'असं काही नव्हतंच' हे वाक्य कृपया वापरू नका, कारण त्यांच्यासाठी ते होते. त्याऐवजी, गाडीत अंधार होता का, बांधले तेव्हा हाताला काय लागत होते, घंटी कुठल्या बाजूने यायची, असे विचारा. एकेक तपशील पुढे आला की त्याच्या शेजारी खरा तपशील ठेवा: तुमच्या मनगटाला मऊ पट्टा होता, कारण तुम्ही नळी ओढत होतात. आणि तिथेच थांबा. पुढचे त्यांनी विचारले तर सांगा, नाही तर दुसऱ्या दिवशी. नळ्या लावलेले छायाचित्र मोबाइलवर असेल तर ते अचानक समोर धरू नका. आहे एवढेच सांगून ठेवा. सहीचा विषय सगळ्यात शेवटी येईल आणि तो सगळ्यात अवघड असेल. संमतिपत्राची प्रत मिळाली तर जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. गुंगीत असताना लघवीची नळी बसवणे, अंग पुसणे या गोष्टींचा अर्थ मेंदू कधीकधी लैंगिक अत्याचार असा लावतो, आणि अशी आठवण घेऊन जगणारी माणसे, विशेषतः स्त्रिया, ती वर्षानुवर्षे कोणालाही सांगत नाहीत. ती आठवण भ्रमाचीच असेल असे कोणी परस्पर ठरवूही नये. ती ऐकून घेतली गेली पाहिजे आणि तिची नीट शहानिशा झाली पाहिजे.

झोप दोन-तीन आठवड्यांत सुधारली नाही, दचकणे वाढत गेले, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे कानावर आले, तर घरगुती उपायांवर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. शेवटची गोष्ट घडली तर त्याच दिवशी.

रात्रपाळी

मी आयसीयूत सिस्टर आहे. बांधण्याबद्दल मला लिहायचे आहे, कारण तो पट्टा बांधणारे हात आमचे असतात. अर्धवट जाग आलेला रुग्ण सगळ्यात आधी तोंडातली नळी ओढतो, आणि ती निघाली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. एका रात्री दोन रुग्णांमागे एक सिस्टर असेल तर प्रत्येकाचा हात धरून बसता येते. चारांमागे एक असेल तर पट्टा बांधावा लागतो. बांधताना मी दर वेळी सांगते, "आजोबा, नळी निघू नये म्हणून बांधतेय, सकाळी सोडते." त्यांना ते आठवणार नाही हे मला ठाऊक असते. तरीही सांगते.

बोलता न येणे हा त्यांचा सगळ्यात मोठा छळ असतो. आमच्या विभागात अक्षरांचा तक्ता आणला होता, पण मराठीत तो फारसा चालला नाही. व्यंजन शोधायचे, मग काना-मात्रा शोधायची, मग जोडाक्षर, आणि 'पाणी' हा शब्द पूर्ण होईपर्यंत रुग्ण दमून डोळे मिटून घेतो. म्हणून आम्ही स्वतःच पुठ्ठ्यावर चित्रे काढली: पेला, उशी, कूस बदला, दुखते, लघवी, घरचे माणूस कुठे आहे, आज वार कोणता. सगळ्यात जास्त बोट कुठल्या चित्रावर पडते सांगू? 'घरचे माणूस कुठे आहे' यावर. आणि घरचे माणूस बहुतेक वेळा एक मजला खाली, भेटीच्या पाससाठी थांबलेले असते.

मृण्मयीताई, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे इथल्या परिचारिकांनी रुग्णासाठी रोजनिशी लिहिण्याची पद्धत बऱ्याच वर्षांपूर्वी सुरू केली. 'आज तुमचा ताप उतरला, मुलगी येऊन गेली, बाहेर पाऊस आहे' अशा साध्या ओळी असतात आणि ती वही रुग्णाला नंतर मिळते. तुमच्याकडे वही नसणार. पण तुमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्या चौदा दिवसांचे निरोप तारखेसह असतीलच. तीच तुमची रोजनिशी आहे. एका शंभर पानी वहीत ते उतरवून काढा.

श्रीधर_ठाणे

रोजनिशीची कल्पना भावनेला पटते, पण तिचा उपयोग सिद्ध झाला आहे का? माझ्या वाचनात आले होते की एका मोठ्या अभ्यासात फरक दिसला नाही.

भूलतज्ज्ञ

श्रीधर यांचे वाचन बरोबर आहे. २०१०मध्ये युरोपातील ३५२ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांना रोजनिशी महिन्याभराने मिळाली त्यांच्यात आघातोत्तर तणावाच्या विकाराचे नवे निदान ५ टक्के होते आणि ज्यांना ती तोवर मिळाली नव्हती त्यांच्यात १३ टक्के. त्यानंतर २०१९मध्ये फ्रान्समधील ३५ अतिदक्षता विभागांत झालेल्या अधिक मोठ्या अभ्यासात तीन महिन्यांनी असा फरक आढळला नाही. त्यामुळे रोजनिशी म्हणजे लस नव्हे, असे मी म्हणेन. वही हातात ठेवून मोकळे होणे आणि ती शेजारी बसून वाचणे यांत मला व्यवसायात मोठा फरक दिसला आहे, परंतु हा माझा अनुभव आहे, पुरावा नव्हे.

थोडे विषयांतर करतो, पण ते याच मुद्द्याशी येऊन मिळते. १९५२मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली आणि श्वास थांबलेल्या रुग्णांच्या गळ्याला डॉक्टरांनी छिद्र केल्यावर सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबून त्यांना श्वास दिला. आजच्या आयसीयूचा जन्म त्यातून झाला. त्या खोल्यांत प्रत्येक रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस एक जागा माणूस बसलेला असे. पुढे यंत्रे आली, ती हातांपेक्षा कितीतरी चांगला श्वास देतात, आणि उशाशी बसलेला माणूस मात्र गेला.

सुलभा_पार्ले

मी इथे फारसे लिहीत नाही. माझ्या यजमानांना तीन वर्षांपूर्वी हृदयविकारानंतर अकरा दिवस आयसीयूत ठेवले होते. ते आता बरे आहेत आणि त्यांना कसलीही वाईट आठवण नाही. मला आहे.

आयसीयूबाहेरच्या ध्वनिक्षेपकावर नाव पुकारत असत. 'अमुक पेशंटचे नातेवाईक' असे ऐकले की पोटात खड्डा पडायचा, कारण ते पैसे भरण्यासाठी आहे, औषध आणण्यासाठी आहे, की दुसऱ्या कशासाठी, हे काचेपाशी पोहोचेपर्यंत कळत नसे. आजही रेल्वे स्थानकावर घोषणा सुरू झाली की माझे पाय गळतात. व्हेंटिलेटर लावण्याच्या कागदावर मी सही केली, त्या वेळी लेखणी हातात धरवत नव्हती, आणि पुढे कितीतरी रात्री मी विचार करत असे की ते गेले असते तर ती सही माझी असती. 'तुमचे तर सगळे नीट झाले, आता तुम्हाला काय झाले?' असे मला माझ्या सख्ख्या बहिणीने विचारले.

मृण्मयी, बाळा, तुझी आई काहीच बोलत नाही, असे तू पहिल्याच परिच्छेदांत लिहिले आहेस. त्यावर इथे अजून कोणी काही बोललेले नाही, म्हणून लिहिले.

समुपदेशिका_दादर

सुलभाताई, माझ्या नजरेतून ते निसटले, हे मान्य करते. आयसीयूतल्या रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांत असा त्रास इतका आढळतो की त्यालाही स्वतंत्र नाव आहे. मृण्मयी, आईवर या वेळी दुहेरी भार आहे: त्यांनी जीव वाचवण्यासाठी सही केली आणि ज्याच्यासाठी केली तोच तिच्यावर आरोप करतो आहे. वडिलांशी बोलण्याआधी आईशी बोला.

नितीन_वडाळा

कुठे जावे याबद्दल थोडे लिहितो. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक आणि जुहूचे कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सकाळी केस पेपर काढावा लागतो, रांग असते, पण खर्च नाममात्र असतो. जाताना आयसीयूचे डिस्चार्ज कार्ड न्यावे आणि 'झोप येत नाही' एवढेच न सांगता 'व्हेंटिलेटरवर होतो, त्यानंतर सुरू झाले' असे सांगावे, कारण त्याने उपचाराची दिशा बदलते. घराबाहेर पडणे शक्य नसेल तर टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२पासून चालू आहे. तो विनामूल्य असून मराठीत बोलता येते. अशक्तपणा फार असेल तर हाजी अलीची १९५५पासूनची अखिल भारतीय पुनर्वसन संस्थाही लक्षात ठेवावी. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये बाह्यरुग्ण विभागाचा खर्च सहसा धरलेला नसतो. मात्र २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांच्या उपचारांना शारीरिक आजारांच्याच धर्तीवर संरक्षण द्यायचे आहे, त्यामुळे दाखल व्हावे लागले तर हक्काने मागावे.

केतकी_जी

पैशांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून विचारते. सासूबाई सतत म्हणायच्या, "माझ्यापायी तुमच्या घराचं बुकिंग मोडलं." हाही त्याच त्रासाचा भाग समजायचा का?

अवधूत_परळ

केतकीताई, माझ्या बाबतीत होता. बिलाची फाइल घरच्यांनी लपवली होती, त्यामुळे मी मनातल्या मनात प्रत्यक्षाच्या दुप्पट आकडा धरून बसलो होतो. शेवटी पत्नीने फाइल समोर ठेवली आणि आम्ही दोघांनी बेरीज केली, तेव्हा आकडा मोठाच होता, पण त्याला शेवट होता.

कामाचेही असेच झाले. मी हिशेबाचे काम करतो. रुजू झाल्यावर विवरणपत्रात एकच रक्कम तीन वेळा लिहिली आणि मला ते दिसले नाही. मी आळशी झालो आहे असे वरिष्ठांना वाटले आणि मलाही तसेच वाटू लागले. डॉक्टरांनी वर लिहिलेले ते आकलनाचे नुकसान मला तेव्हा माहीत असते, तर मी पहिल्या दिवसापासून अर्धवेळ मागितला असता. सुमारे वर्षभराने डोके पूर्ववत चालू लागले. आयसीयूतल्या दहा दिवसांच्या अंथरुणात मांडीच्या स्नायूचा जवळपास पाचवा हिस्सा झिजू शकतो, असे फिजिओथेरपिस्टने सांगितले होते. पाय लटपटतात हे सर्वांना दिसत होते म्हणून जिन्यात हात द्यायला माणसे होती.

विनायक_गिरगाव

ही चर्चा वाचून काल रात्री मी पत्नीला विचारले की तुला ते सहा दिवस आठवतात का, आणि तुला त्याबद्दल काही जाणून घ्यायचे आहे का. ती म्हणाली, "थोडे आठवतात, आणि नाही, मला जाणून घ्यायचे नाही." मी विषय तिथेच सोडला. माझे पहिले मत मी सर्वांना लागू केले, ते चुकीचे होते. परंतु जाणून घ्यायचे नाही असे म्हणणारी माणसेही असतात, एवढी नोंद या चर्चेत राहावी.

समुपदेशिका_दादर

अवश्य राहावी. काका, आपण विचारलेत आणि त्यांनी ठरवले, हे याआधीच्या गप्प राहण्याहून वेगळे आहे.

मृण्मयी_मुलुंड

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सर्वांचे आभार मानते आणि जे घडले ते सांगते.

आधी आईशी बोलले. तिला एवढेच विचारले की त्या रात्री तू कुठे बसायचीस. ती दोन तास बोलली. मग आम्ही दोघींनी सिस्टरांनी सुचवले तसे व्हॉट्सॲप गटावरून तारीखवार वही उतरवली. दादा आधी नाराज होता, पण चौथ्या दिवसाची रक्ताची धावपळ त्यानेच केली होती. ते पान त्याने स्वतः लिहिले.

बाबांना मी पहिल्या दिवशी फक्त घंटीबद्दल विचारले. ते म्हणाले, डाव्या बाजूने, डोक्याच्या वरून यायची. मी म्हटले, तिथे मॉनिटर होता. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि विचारले, "मग गाडी का हलत नव्हती?" मी म्हटले, गाडी नव्हती, खाट होती. त्या दिवशी तेवढेच झाले. पट्ट्याचे त्यांनी चौथ्या दिवशी विचारले आणि सोडायला कोण यायचे ते विचारले. सिस्टर यायच्या, असे सांगितल्यावर त्यांचे नाव हवे होते. ते आम्हाला माहीत नव्हते.

झोप पूर्ण सुधारलेली नाही. फ्रीजच्या आवाजाने अजून दचकतात, मात्र आता उठून जाऊन दार स्वतः लावतात. सही अजून अवघड आहे. संमतिपत्राची प्रत मी मिळवली आणि वहीत शेवटच्या पानाशी ठेवली. त्यांनी ती वाचली, आईच्या सहीवर बोट ठेवले आणि काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी संध्याकाळी त्यांनी वही पुन्हा उघडली आणि आईला विचारले, "इथं लिहिलंय तू चौदा रात्री जिन्याखाली होतीस. तिथं पंखा होता का?" आई म्हणाली, "नव्हता. डास होते." मग ते दोघे त्या जिन्याबद्दल बोलत बसले, आणि मी स्वयंपाकघरात निघून आले.

मंगळवारी केईएमला जाणार आहोत. केस पेपर दोघांचेही काढणार आहोत.